अंगठ्याचं हाड आणि पायातली चप्पल

कड्याला गटाच्या बैठकीत आम्ही सतरंजीवर पाय पसरून बसलो, तेव्हा तिघींच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलेलं दिसलं. अंगठा दुसऱ्या बोटावर कललेला. डॉक्टर याला ‘बनियन’ म्हणतात. नाव ऐकून आधी हसूच आलं.

पायाची ठेवण आई-आजीकडून येते, हे खरं. पण पादत्राणाचाही वाटा मोठा, आणि ती गोष्ट जुनी आहे. इंग्लंडातल्या केंब्रिजला जुन्या दफनभूमींतले १७७ सांगाडे अभ्यासकांनी तपासले, ते २०२१ साली छापून आलं. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या माणसांत हे दुखणं शंभरात ६ जणांना, चौदाव्या-पंधराव्या शतकात मात्र २७ जणांना! मधल्या काळात तिथं टोकदार जोड्यांची टूम निघाली होती. ज्यांचा अंगठा वाकला, त्यांच्यात पडून हाड मोडल्याच्या खुणाही जास्त सापडल्या. १९५८ साली हाँगकाँगात पाहिलं, तर जोडे घालणाऱ्यांत हे ३३ टक्के लोकांना, अनवाण्यांत २ टक्क्यांहूनही कमी.

मग अनवाणीच बरं की, असं म्हणू नका. बाभळीचा काटा काय असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या आज्या अनवाणी चालल्या त्या हौसेनं नव्हे. वडीलधाऱ्यांपुढून चप्पल घालून बाईनं जायचं नाही, ही रीत होती. दलितांना तर कित्येक गावांत चप्पल हातात घेऊन जावं लागे. पुढं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आणि लेखिका काशीबाई कानिटकर जोडे घालून, छत्री घेऊन रस्त्यानं निघाल्या, तर लोकांनी दगड मारले, असं इतिहासात लिहिलेलं आहे. एवढं सोसून मिळालेली चप्पल, आणि आपण घालतो काय? नवऱ्याची झिजलेली, नाहीतर स्वस्तात मिळाली म्हणून चिंचोळी. तीच घालून डोक्यावर मोळी घ्यायची.

वर आलेलं हाड घरी बसत नाही; तेल चोळून, पट्टा बांधून सरळ होतं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ठणका मात्र कमी होतो. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. कोमट पाण्यात पाय सोडून बसा, बोटं फाकवा, अंगठा हातानं हळूच सरळ ओढा. अंगठ्याच्या नि बोटाच्या मधे कापसाची घडी ठेवली तर घासत नाही. तिथलं कातडं ब्लेडनं कापू नका. साखरेचा आजार असेल तर शेक-बर्फ काहीच नको, आधी डॉक्टर. एकाएकी लाल होऊन सुजलं, ताप आला, तरीही तेच.

आणि चप्पल घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय सुजलेला असतो. घरून कागदावर पाय आखून न्या. चप्पल त्यावर ठेवा. रेघ बाहेर दिसली तर ती आपली नाही.