स्किडपॅड
मोटारगाडीची वळणावरील पकड मोजण्यासाठी आणि घसरलेली गाडी सावरण्याचा सराव देण्यासाठी बांधलेले सपाट मैदान. मोटारयुगाच्या प्रारंभी घसरणे हा बहुधा चालकाचाच दोष समजला जाई. वळताना टायर आपल्या रोखापासून काहीसा तिरका सरकतो, ही घसरकोनाची कल्पना फ्रेंच अभियंते झॉर्झ ब्रूलिए यांनी १९२५ मध्ये मांडली. १९३० नंतरच्या दशकात जनरल मोटर्समधील मॉरिस ऑली यांच्या कार्यामुळे गाडीच्या वळण्याचे दोन प्रकार स्पष्ट झाले. पुढील चाकांचा घसरकोन अधिक असल्यास गाडी वळणाबाहेर ओढली जाते. हा अंडरस्टिअर होय. मागील चाकांचा अधिक असल्यास गाडी गरजेहून जास्त वळते व तिचा मागील भाग बाहेर फेकला जातो. यास ओव्हरस्टिअर म्हणतात. अशा रीतीने घसरण्याचे एक कारण गाडीच्या रचनेतही सापडले. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये कॉर्व्हेअर गाडीवर घेतलेल्या आक्षेपांमुळे हा प्रश्न सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

पकड रस्त्याच्या पृष्ठभागावरही अवलंबून असते. मराठवाड्याच्या काळ्या मातीच्या प्रदेशात, उदा., अंबड परिसरात, पावसाळ्यात चाकांबरोबर चिखल डांबरी रस्त्यावर येतो व घर्षण घटते. ३० मी. त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षण गुणांक ०·७५ असता ताशी सु. ५३ किमी. वेग शक्य असतो. तो ०·३ झाल्यास सु. ३४ किमी. एवढाच उरतो.

लंडनच्या चिझिक येथे बसचालकांना ओल्या मैदानावर असे शिक्षण दिले जाई. मागील भाग ज्या बाजूस घसरेल त्याच बाजूस सुकाणू चाक वळवावे, एकदम ब्रेक दाबू नये व गाडी सावरताच चाक सरळ करावे, हे तेथे अंगवळणी पडते. भारतात वाहनगतिकीच्या चाचण्यांची सोय मध्य प्रदेशातील पीथमपूर येथील नॅट्रॅक्स केंद्रात आहे.