भविष्यकाळाची घडण : इंग्रजी आणि मराठी

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तेथील विद्यार्थी 'मी उद्या अंबाजोगाईला जाईन', 'जाणार आहे', 'जातो' आणि 'मला जायचे आहे' ही वाक्ये प्रसंगानुरूप सहज योजतो. इंग्रजीच्या तासाला मात्र भविष्यकाळ म्हणजे 'शॅल' आणि 'विल' एवढेच समीकरण त्याच्या पदरी पडते. या समीकरणाचा इतिहास पाहिल्यास त्याची अपूर्णता ध्यानी येते.

लॅटिनप्रमाणे क्रियापदाच्या प्रत्ययाने सिद्ध होणारा भविष्यकाळ इंग्रजीत नाही. प्राचीन इंग्रजीत वर्तमानकाळाचेच रूप भविष्यार्थी चाले. 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणे लागणे' आणि 'विल'चा 'इच्छिणे'. ऋण आणि इच्छा या दोन कल्पनांतून पुढे भविष्यसूचक साहाय्यक क्रियापदे निर्माण झाली. व्याकरणकारांपुढे आदर्श लॅटिनचा असल्याने त्यांनी या दोहोंस भविष्यकाळाचे चिन्ह ठरविले. जॉन वॉलिसने 1653 च्या आपल्या लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात प्रथमपुरुषी 'शॅल' केवळ भविष्यकथन करते व 'विल' वचन अथवा धमकी देते, इतर पुरुषांत याच्या उलट, असा नियम सांगितला. शालेय पुस्तकांनी तो पुढे दीर्घकाळ जपला. 'गोइंग टू' ही रचना त्या शतकात प्रचारात असूनही तिला त्या चौकटीत बरोबरीचे स्थान लाभले नाही.

मराठीचा इतिहास याहून वेगळा, तरी तितकाच बोधप्रद आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 साली, दादोबा पांडुरंगांचे 1836 साली आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली प्रसिद्ध झाले. मराठीत 'करील', 'करशील', 'करतील' अशी स्वतंत्र रूपे असल्याने भविष्यकाळाचे अस्तित्व सिद्ध करण्याचे कारणच नव्हते. परंतु ही रूपेही मुळातली नव्हेत. ज्ञानेश्वरीच्या (1290) भाषेत 'करी' हे वर्तमानाचे रूप होते. त्यास 'ल' जोडला जाऊन 'करील' झाले. स्वतः 'करी' मात्र पुढे रीतिभूतकाळात सरकले. 'तो रोज देवळात जाई' आणि 'तो उद्या देवळात जाईल' ही वाक्ये म्हणूनच एकाच जुन्या वर्तमानाची दोन अपत्ये होत. संस्कृतातील 'करिष्यति'चा वारसा येथे उरला नाही.

तात्पर्य, दोन्ही भाषांनी आपला भविष्यकाळ नव्याने घडविला आहे. म्हणून तुलना एका काळाची दुसऱ्या काळाशी न करता प्रयोजनाची प्रयोजनाशी करणे इष्ट होय. ऐनवेळचा निर्णय, वचन किंवा तर्क यांसाठी मराठीत 'जाईन', 'जाईल' व इंग्रजीत 'विल' येते. आधीच ठरलेल्या बेतासाठी 'जाणार आहे' व 'गोइंग टू' येतात. निश्चित कार्यक्रमासाठी दोन्ही भाषा वर्तमानाचा आश्रय करतात. 'मला जायचे आहे' या रचनेत तर कर्तव्य आणि इच्छा दोन्ही एकत्र नांदतात. 'शॅल' आणि 'विल' यांचे मूळ अर्थही हेच होत. 'जाणार आहे' आणि 'जाईन' यांतील भेद धर्मापुरीच्या विद्यार्थ्यास मायबोलीतून आधीच अवगत असतो. दोहोंसाठी 'विल' हेच एक उत्तर पढविल्यास त्याचे हे ज्ञान व्यर्थ जाते आणि बेताचे वचन होऊन बसते. त्या ज्ञानाचा आधार घेतल्यास इंग्रजीचे अध्यापन सुकर होईल आणि मराठीच्या व्याकरणाकडेही नव्या दृष्टीने पाहता येईल.