बंदर ते विमानतळ : हजच्या वाटेवर थांबलेली मुलं

हजच्या प्रवासाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. कोणत्या साली किती जहाजं सुटली, पटकीची साथ कुठून कुठे गेली, इंग्रज सरकारनं कोणता कायदा केला, हे सगळं दप्तरांत सापडतं. या कागदांत फार कमी दिसतात ती मुलं. घर बंद करून अनेक महिन्यांसाठी निघालेली बाई आपलं अंगावरचं मूल कुणाकडे ठेवणार? ती ते सोबतच नेणार. आणि मूल सोबत असलं की चालण्यापेक्षा थांबणं जड जातं. बंदरावर जहाजासाठी, बेटावर तपासणीसाठी, आज विमानतळावर विमानासाठी. या थांबण्यात मुलांचं काय होत होतं, त्यांना कोण आणि कसं रमवत होतं, हा प्रश्न किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

मूळ कथेतच एक मूल आहे

हजचा एक मोठा विधी म्हणजे सई. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या. या फेऱ्या कुणाच्या आठवणीत आहेत? बीबी हाजरांच्या. निर्जन खोऱ्यात तहानेनं व्याकूळ झालेलं तान्हं बाळ आणि त्याच्यासाठी पाणी शोधत धावणारी आई. राजा असो वा मजूर, प्रत्येक हाजी त्या आईच्या पावलावर पाऊल टाकतो. म्हणजे लेकराच्या रडण्यानं कासावीस झालेली आई या इबादतीच्या केंद्रस्थानी आहे.

पैगंबर मुहंमद (स.) यांचा अखेरचा हज 632 सालचा. त्या प्रवासातल्या मुलांच्या नोंदी हदीसच्या ग्रंथांत आहेत. मदिनेबाहेर जुल-हुलैफा इथे हजरत अबू बकर यांच्या पत्नी अस्मा बिन्त उमैस बाळंत झाल्या. त्यांना परत पाठवलं गेलं नाही. स्नान करून इहराम बांधा आणि पुढे चला, असं त्यांना सांगण्यात आलं. साइब इब्न यजीद सांगतात की या हजला त्यांना नेलं, तेव्हा ते सात वर्षांचे होते. रौहा इथे एका बाईनं आपलं मूल वर उचलून विचारलं, याचाही हज होतो का? होतो, आणि त्याचं पुण्य तुलाही मिळेल, अशा अर्थाचं उत्तर तिला मिळालं. फिकहच्या पंडितांनी पुढे त्याला जोड दिली की मोठेपणी ऐपत असेल तर त्या मुलाला फर्ज हज पुन्हा करावा लागेल. पण बालपणीचा हज वाया जातो, असं कुणी म्हटलं नाही.

याहून महत्त्वाची नोंद मुजदलिफाच्या रात्रीची आहे. पहाटे सगळा जमाव एकदम मीनाकडे निघणार होता. त्या गर्दीच्या आधीच, रात्री, बायका, अशक्त माणसं आणि मुलं यांना पुढे पाठवण्यात आलं. इब्न अब्बास तेव्हा पोरवयातले होते. आपण त्या पुढे पाठवलेल्यांत होतो, असं ते स्वतः सांगतात. गर्दी आणि मुलं हा पेच तेव्हाही होता. तो मुलांना वगळून सोडवला नाही, त्यांची वेळ बदलून सोडवला.

सुरतेचं वर्ष

हिंदुस्थानातून मक्केला जाण्याचं मोगलकाळातलं दार म्हणजे सुरत. बाबुल मक्का हे तिचं दुसरं नाव. बाबराची मुलगी, अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 मध्ये फतेहपूर सिक्रीहून राजघराण्यातल्या बायकांचा काफिला घेऊन निघाली. किनाऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी अकबरानं नेमलं होतं शाहजादा मुरादला. त्याचा जन्म 1570 चा, म्हणजे सोबतीचा हा सरदार पाच वर्षांचा. शेवटी बेगमच्याच सांगण्यावरून त्याला घरी ठेवलं गेलं. वडीलधाऱ्या बाईला लेकराची काळजी कळते, दरबाराला मान दिसतो.

समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांच्या परवान्याशिवाय गलबत हाकारणं धोक्याचं होतं, म्हणून बादशहाच्या आत्यालाही सुरतेत जवळपास वर्षभर ताटकळावं लागलं. गलबत सुटलं 1576 मध्ये. परतीला एडनजवळ जहाज फुटलं, तिथे पुन्हा दीर्घ मुक्काम झाला. ती सिक्रीला पोचली 1582 मध्ये. तेव्हाची प्रतीक्षा तासांत मोजत नसत, ती ऋतूंत मोजत. वारा बदलला, तर जहाज.

मुंबईचा मुसाफिरखाना

वाफेची जहाजं आली, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि हजचं बंदर म्हणून मुंबई पुढे आली. 1877 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली. वाऱ्यावरचं अवलंबित्व संपलं, थांबणं मात्र संपलं नाही. जहाज पुरेसं भरेपर्यंत मालक ते सोडत नसत. उत्तरेकडून, दख्खनमधून, मध्य आशियातून आलेले यात्रेकरू बोरीबंदरच्या आसपास दिवसच्या दिवस पडून राहत. 1886 मध्ये सरकारनं थॉमस कुक कंपनीला हजच्या प्रवासाचं काम दिलं, पण काही वर्षांतच ती व्यवस्था गुंडाळली गेली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी इथून हजला जाण्यावर बंदी आली.

या थांबलेल्या माणसांसाठी मुंबईच्या धनिक मुसलमानांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यातला सर्वांत परिचित. आमची फुफी 1970 च्या सुमारास आमच्या दादीसोबत तिथे उतरली होती. ती तेव्हा सात वर्षांची. हजबद्दल विचारलं की ती काबाच्या आधी मुसाफिरखान्याचा जिना सांगते. जिन्यावर चिंचोके खेळायचे, मराठवाड्याची पोरं एका पायरीवर, बिहारची दुसऱ्या पायरीवर. दोन दिवसांनी पायऱ्या एक झाल्या. बायका आळीपाळीनं पोरं सांभाळत, म्हणजे बाकीच्यांची नमाज, स्वयंपाक, धुणं होई. रात्री कुणी तरी म्हातारी अमीर खुसरोच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पहेल्या घाली. मोठी मुलं बैतबाजीला बसत. त्यासाठी काही विकत आणावं लागत नव्हतं. जागा होती, वेळ होता आणि अनोळखी पोराला मांडीवर घेणारी माणसं होती.

त्या दिवसांचं उगाच कौतुक करायला नको. दाटीवाटी होती, आजार होते. 1865 मध्ये मक्केत पटकी पसरली आणि ती युरोपपर्यंत गेली. मग जगभरच्या सरकारांचं लक्ष हाजींकडे वळलं. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उस्मानी सरकारनं 1882 मध्ये क्वारंटाइनचा तळ उभारला. हिंदुस्थानातून जाणाऱ्या यात्रेकरूंना तिथे उतरवून, कपडे वाफेत घालून, कित्येक दिवस रोखून धरलं जाई. उघडं बेट, ऊन, खारं वारं. तिथे लहान मूल घेऊन बसलेल्या आईची अवस्था कोणत्याही अहवालात नाही. अहवालात रोग्यांचे आकडे आहेत.

दोनशे दहा तंबू

भारतातून हजला जाणारी जहाजं 1995 मध्ये कायमची थांबली. त्यानंतर सगळा प्रवास विमानाचा झाला. जिद्दाच्या विमानतळावरचं हज टर्मिनल त्याआधीच, 1981 मध्ये सुरू झालं होतं. त्याची रचना करणाऱ्या चमूत ढाक्याजवळच्या मातीत वाढलेले इंजिनिअर फजलुर रहमान खान होते. शिकागोचा सिअर्स टॉवर उभा करणारे हेच. 1982 मध्ये जिद्दातच त्यांचं निधन झालं.

या टर्मिनलला भिंती जवळपास नाहीत. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे 210 तंबू पोलादी खांबांवरून टांगलेले आहेत, प्रत्येक 45 मीटर लांब-रुंद. गरम हवा वरच्या तोंडातून निघून जाते आणि खाली सावलीत वारा खेळतो. हे असं का केलं, याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. आराखडा करणाऱ्यांनी मान्यच केलं होतं की माणसं इथे थांबणार आहेत. येताना 18 तास आणि परतताना 36 तासांपर्यंत. थांबणारं माणूस नुसतं खुर्चीवर बसत नाही. ते चादर पसरतं, जेवतं, झोपतं, नमाज पढतं, आणि त्याची पोरं धावतात. म्हणून मोकळी जमीन दिली. 1983 मध्ये या वास्तूला आगा खान पुरस्कार मिळाला.

गेटसमोरचे सात तास

गेल्या वर्षी आम्ही घरचे नऊजण उमरा करून परतत होतो. विमानाला सात तास उशीर झाला. सोबत तीन मुलं, तीन, पाच आणि आठ वर्षांची. आम्ही हज टर्मिनलमध्ये नव्हतो, नेहमीच्या इमारतीत होतो. जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्या, त्यांच्या मधल्या हातांमुळे मूल आडवं करता येत नाही. पहिला तास मोबाइलवर गेला, मग चार्जिंग संपत आलं आणि भांडण सुरू झालं.

तेव्हा फुफीनं सूत्रं हातात घेतली. आठ वर्षांच्या मुलीला तिनं काम दिलं. फलकावरची शहरांची नावं वाचायची आणि त्या शहराचं विमान सुटेपर्यंत धाकट्यांना त्या शहराबद्दल काहीतरी सांगायचं. पाच वर्षांच्याला तस्बीह दिली. समोरून चाकांची बॅग गेली की एक मणी पुढे. तीन वर्षांच्याला घेऊन आम्ही मोठी माणसं पाळीपाळीनं लांबच्या नळापर्यंत चालत गेलो. खजुराच्या बिया धुऊन त्यांचे चिंचोके केले. शेजारी इंडोनेशियाचं एक कुटुंब होतं. भाषा कुणालाच येत नव्हती, बियांचा खेळ सगळ्यांना येत होता. मग तिनं बीबी हाजरांची गोष्ट सांगितली. मुलं कालच त्या वाटेनं चालली होती. पाच वर्षांच्यानं विचारलं, मग बाळ पाणी येईपर्यंत काय करत होतं? फुफी म्हणाली, टाचा घासत होतं, तुझ्यासारखं.

यात नवं काहीच नव्हतं. चालायला वाव, हाताला काम, ऐकायला गोष्ट आणि पाळी घेणारी माणसं, या चार गोष्टी मुसाफिरखान्यातही होत्या. प्रवास महिन्यांवरून तासांवर आला, पण या चारही गोष्टी आता प्रत्येक आईनं एकटीनं जमवायच्या असतात. आणि मूल मोठ्यानं रडलं की आजूबाजूच्या नजरा तिच्याकडे वळतात. नमाजेत बाळाचं रडणं कानावर आलं की आईला त्रास नको म्हणून पैगंबर नमाज आवरती घेत, ही हदीस आपण व्याख्यानांत आवडीनं सांगतो. विमानतळावरच्या, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या, मशिदीतही, रडणारं मूल दिसलं की आपण कपाळाला आठ्या घालतो.

दार बंद झाल्यावर

2025 च्या हजसाठी सौदी सरकारनं मुलांना सोबत आणण्यावर बंदी घातली. भारताच्या हज समितीनंही 12 वर्षांखालच्या मुलांना जाता येणार नाही, असं कळवलं. कारण खरं आहे. 2024 च्या हजमध्ये उष्म्याचा कहर झाला आणि सौदी सरकारनं स्वतः 1,301 मृत्यू जाहीर केले. अशा गर्दीत आणि उन्हात तीन वर्षांचं मूल नेऊ नये, असं मीही म्हणेन. पण त्याची किंमत कोण मोजतं, तेही पाहिलं पाहिजे. अंगावर पाजणाऱ्या आईचा हज पुढे गेला. ज्या घरात मुलं सांभाळायला आजी नाही, तिथल्या बाईचा हज आणखी पुढे गेला. बापाचा सहसा जात नाही.

उमरासाठी मुलं अजूनही जातात, आणि त्यांचं थांबणं विमानतळावरच घडतं. म्हणून मागणी मोठी नाही. नागपूर, औरंगाबाद, मुंबई इथे हाजींची शिबिरं भरतात. इहराम कसा बांधायचा, सामान किती न्यायचं, हे तिथे तासन् तास शिकवलं जातं. मूल घेऊन उमराला जाणाऱ्या बायकांसाठी त्यात अर्धा तास ठेवता येईल, आणि शिकवणारी दुआ पाठ असलेल्या मौलवींऐवजी पोरं वाढवलेली एखादी फुफी असावी. ट्रॅव्हल एजंटांनी गट पाडताना मुलांची कुटुंबं एकत्र ठेवावीत, म्हणजे पाळी घ्यायला माणसं मिळतील. आणि विमानतळाच्या नमाजखान्यालगत एक चटई मुलांसाठी अंथरता येईल. मुजदलिफाच्या रात्री मुलांची वेगळी सोय झाली होती. आपल्याला निदान एका चटईची करता यावी.