कोकणच्या पॅसेंजरमध्ये दोन खानदेशी

२०२४ च्या जानेवारीत मी आणि घरची, आम्ही दोघं कोकणात जाऊन आलो. जाण्याचं कारण धाकटा मुलगा. तो तिकडे कणकवली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आमच्या धुळे-जळगाव-नंदुरबारची कितीतरी पोरं अशी कोकणात मास्तरकी करतात आणि दरसाल बदलीचा अर्ज भरतात. तो म्हणे, "आप्पा, कापूस विकला गेला, गहू पाण्यावर आहे, आता आठ दिवस कोणी तुमच्यावाचून अडत नाही. आईला समुद्र तरी दाखवू." घरचीने आयुष्यात तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमचं गाव नरडाण्यापासून दोन कोसावर. बोरविहीर-नरडाणा नवी रेल्वे व्हायची आहे, तिची मोजणी झाली तेव्हा माझ्या नाल्याकाठच्या तुकड्यात दगड रोवून गेले. विहिरीपासून बावीस पावलांवर एक दगड, नाल्याच्या अलीकडे दुसरा. रान मधोमध कापलं जाणार. कोकणात पंचवीस वर्षांपूर्वी अशीच माणसांची रानं रेल्वेत गेली. ज्याचं गेलं त्याच्या तोंडून एकदा ऐकावं, असं मनात होतं.

नरडाण्याहून धुळं, धुळ्याहून रात्रीची एस.टी. कल्याणला, तिथून लोकलने दिवा. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर तिथून सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला निघते. आम्हाला वाटलं, लवकर जाऊन बसू. पण आमच्या आधी अर्धा डबा भरलेला. पिशव्या, पोती, पोरं, एकाजवळ तर शिवणाचं मशीन. एका बाईने सरकून घरचीला खिडकी दिली. "पहिल्यांदाच जाताय ना, बसा तुम्ही." घरची खिडकीला जी चिकटली ती पनवेल गेलं, पेण गेलं, रोहा गेलं तरी हलली नाही. दर अर्ध्या तासाला मला कोपर मारून विचारायची, "आते तरी दखाई का समिंदर?"

समुद्र काही दिसेना. माणगाव, वीर, करंजाडी, विन्हेरे. डोंगर, बोगदा, पूल, परत डोंगर. शेवटी समोरचा एक गृहस्थ हसून म्हणाला, "काकी, कोकण रेल्वेतून समुद्र दिसत नाही. समुद्र बघायला गाडीतून उतरावं लागतं." मला ते खोटं वाटलं. कोकण रेल्वे म्हटल्यावर एका हाताला निळं पाणी, माडाची झाडं, लोक खिडकीतून बघत चाललेत, असंच चित्र आपल्या डोक्यात असतं.

पण ते खरं निघालं. सह्याद्रीवरून येणारी प्रत्येक नदी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, समुद्राजवळ गेली की खाडी होऊन पसरते. किनाऱ्याने रूळ टाकायचे तर अशी प्रत्येक खाडी तिच्या रुंद तोंडाशी ओलांडावी लागली असती. म्हणून रूळ आतून गेले, डोंगरातून. हर्णै, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही समुद्राची गावं सगळी रुळापासून लांब राहिली. स्टेशनांची नावं वाचा. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. रोड लिहिलंय म्हणजे समजायचं, गाव अजून पुढे आहे.

आता थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या खानदेशात रेल्वे आली १८६० ते १८६५ च्या दरम्यान. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली, आणि दहा-बारा वर्षांत इंग्रजाने थळ घाट फोडून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ गाठलंसुद्धा. एवढी घाई आमच्या प्रेमापोटी नव्हती. तिकडे अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिथला कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी बसल्या. कापूस होता इकडे. मग १९०० च्या सुमाराला सुरतेकडून नंदुरबार, नरडाणा, अमळनेर अशी ताप्ती व्हॅली लाईन आली. चाळीसगाव-धुळे फाटाही त्याच सुमाराचा. ते छपन्या दुष्काळाचं वरीस. आमचा आजा सांगायचा, त्याच्या बापाने मातीकामाला जाऊन दिवस काढले होते. पुढे पाचोरा-जामनेरची छोटी पीजे आली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच खानदेशात तीन-चार बाजूंनी रूळ होते, आणि कोकणात एक नाही.

का नाही? माझी समजूत अशी. रेल्वे मालाकडे जाते. आमच्याकडे कापसाच्या गाठी होत्या, गाठींना पाय नसतात, त्यांना गाडी लागते. कोकणातून मुंबईला न्यायला होती माणसं. माणूस पायी जातो, बोटीने जातो, होडीत उभा राहून जातो. त्याला गाडी नाही दिली तरी तो गिरणीच्या दारात वेळेवर हजर. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आखाडातली अमावस्या होती, लोक सणाला घरी निघाले होते. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, आणि ही माणसं दर्यात.

मग मागणी करणाऱ्यांनी जन्म घातला. अ. ब. वालावलकरांनी या मार्गाचा ध्यास घेतला होता, बॅरिस्टर नाथ पैंनी लोकसभेत विषय लावून धरला. पुढे राजापूरचे खासदार मधु दंडवते. हे मूळचे नगरचे. १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या लाकडी फळीवर त्यांनी गादी घातली. ज्यांनी जुन्या फळीवर रात्र काढली आहे त्यांना या कामाची किंमत कळेल. त्या दोन इंची गादीसाठी तरी माणसाचं नाव राहावं, असं मला वाटतं. रूळ १९८६ पर्यंत रोह्याला येऊन थांबले. नंतर दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग १९८९ च्या शेवटी आला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ निघालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, रोख्यांतून पैसा उभा केला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. बोगदे ९१. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. आमच्यानंतर सव्वाशे वर्षांहून जास्त काळाने.

आणि तोवर गिरण्या संपल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, त्यातून गिरणगाव परत उभं राहिलंच नाही. ज्यांच्यासाठी गाडी हवी होती ते कामगार आधीच एस.टी.ने पेट्या घेऊन गावी परतले होते. गाडी आली तेव्हा तिच्यात बसायला त्यांची पोरं होती, नातवंडं होती, आणि समुद्र बघायला निघालेले लोक. सिंधुदुर्ग तर १९९७ ला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, आमच्या उन्हाला कोणी पर्यटन म्हणत नाही. कोकणातल्या उन्हाला भाव आहे, कारण त्याच्या शेजारी पाणी आहे.

खेड स्टेशनला गाडी थांबली तेव्हा मी उतरून फलाटावर पाय टेकवून आलो. दापोली तालुक्यातलं पालगड इथून फार लांब नाही. साने गुरुजींचं गाव. ते कोकणातून आमच्या अमळनेरला आले, १९२४ पासून सहा वर्षं प्रताप हायस्कूलला मास्तर होते, आमच्या शेतकऱ्या-कामगारांसाठी तुरुंगात गेले. घरचीला म्हटलं, त्यांनी आपल्याला एक मास्तर दिला, आता आपला पोऱ्या त्यांच्याकडे. ती म्हणाली, आपल्याची बदली झाली पाहिजे पण.

चिपळूणच्या पुढे गाडी खरी पॅसेंजर झाली. एकच रूळ. समोरून मोठी गाडी येते म्हणून आम्ही बाजूला. मागून वंदे भारत येते म्हणून परत बाजूला. एका लहान स्टेशनात पाऊण तास उभे. कोकणी माणसं चिडत नव्हती, खाली उतरून गप्पा मारत होती. बाजूला काढून ठेवण्याची सवय शेतकऱ्याला असते, मलाही राग आला नाही. पण विचार आला की जमीन यांची, डोंगर यांचे, आणि सणसणत जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे थांबाच नाही. उक्षीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला. घरचीने पदर तोंडावर घेतला. रत्नागिरीनंतर पानवलचा पूल, चौसष्ट मीटर उंच. खाली बघितलं आणि मी खिडकीतून मागे सरकलो. हे काम करताना जे मजूर मेले त्यांचं स्मारक रत्नागिरीत आहे. गाडी सुरू झाल्यावरही डोंगराने सोडलं नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आले, सुट्टीची खास गाडी घसरली, पन्नासहून जास्त लोक गेले. आता पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात.

उन्हं उतरायला लागल्यावर कणकवली आली. मुलगा घ्यायला आला होता.

त्याचे घरमालक सत्तरीच्या पुढचे. अंगणात खुर्ची टाकून म्हणाले, "खंयसून इलात?" मी म्हटलं, धुळ्याकडून. ते गप्प झाले आणि मग मोठ्याने हसले. लालबागच्या एका गिरणीत वीस वर्षं होते, गाठी फोडायच्या खात्यात. गाठीवर गावांचे शिक्के असायचे. धुळे, जळगाव, अमळनेर त्यांना शिक्क्यावरून पाठ होतं, बघितलेलं काहीच नव्हतं. म्हणाले, "म्हंजे तुमचो कापूस माझ्या नाकातोंडात गेलो हा." मी माझे हात बघितले. माझ्या बापाने वेचलेली एखादी गाठ या माणसाने फोडली असेल, काय सांगता येतं. गाठ गाडीने गेली आणि हा बोटीने.

संपानंतर ते गावी आले, काजू लावले. झाडं धरायला लागली तोच रेल्वे आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ती जागा दाखवली. रूळ खोल कापून गेलेत. या बाजूला घर आणि विहीर, त्या बाजूला उरलेली कलमं आणि भाताचा कुणगा. पलीकडे जायला भुयारी वाट आहे, ती अर्धा मैल लांब. पैसे मिळाले, झाडं मोजून मिळाले, घराला छप्पर झालं. पुतण्याला रुळावर काम लागलं. मी विचारलं, मग वाईट झालं की बरं? त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, पैशाचं सगळे विचारतात, तुम्ही पाण्याचं विचारा. रूळ भरावावरून गेला की पावसाचं पाणी वाट बदलतं. त्यांचा कुणगा दोन वर्षं कुजला, कारण मोरी जिथे पाहिजे होती तिथून साठ हात वर बांधली. नंतर कोणी ऐकत नाही. भराव पडायच्या आधी सांगा, कागदावर सांगा, आणि सही-शिक्क्याची प्रत घ्या.

हे मला आमच्याकडच्या एकाही सभेत कोणी सांगितलं नव्हतं.

समुद्र आम्ही तिसऱ्या दिवशी पाहिला, मालवणला, एस.टी.ने जाऊन. घरची चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग ओंजळीत घेऊन चाखून बघितलं आणि थुंकली. "इतलं पानी, आनी पेवाले एक घोट नही." शेजारी मुंबईची पोरं फोटो काढत होती, ती हसली. मला हसू आलं नाही. आमच्या विहिरीला मार्चनंतर दिवसाला तासभर पाणी असतं, आणि तिच्यापासून बावीस पावलांवर तो दगड आहे.

आमच्या रेल्वेचं भूमिपूजन २०१९ च्या फेब्रुवारीत धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते झालं. आम्ही कोकणातून आल्यावर, त्याच २०२४ च्या सप्टेंबरात, मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटींवर खर्च. मुंबईची बंदरं आणि इंदूर जवळ येणार म्हणतात. माझ्या आज्याच्या वेळेपासून या गाडीची वाट बघणं चालू आहे, त्यामुळे नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही. फक्त तिच्यात आमचं काय जाणार ते कळत नाही. कापूस हल्ली ट्रकने जातो. माणसं सुरतेला जातात, ती जुन्या ताप्ती लाईनीने जातातच.

कोकणातून आलो त्याच आठवड्यात मी मुलाकडून शिकल्याप्रमाणे अर्ज लिहिला. नाल्याचं पाणी आषाढात कुठवर चढतं, कुठून वळतं, मोरी कुठे पाहिजे, हातांनी मोजून नकाशा काढून जोडला. दहावीपर्यंतची भूमिती पन्नास वर्षांनी कामाला आली. आवक-जावकच्या बारनिशीत नोंद करून प्रतीवर शिक्का घेतला. उत्तर अजून आलं नाही. मोरीच्या जागी मी चुन्याची रेघ मारून ठेवली आहे. पावसात ती वाहून जाते, दिवाळीनंतर परत मारतो.