खारपाण पट्टा : पूर्णेच्या खोऱ्यात अडलेल्या पाण्याचा इतिहास

१/ विहीर आटली की ती आणखी खोल खणावी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. वऱ्हाडात मात्र, अमरावती-अकोल्याच्या पूर्णाकाठी, हाच उपाय अनेक गावांच्या अंगलट आला. तेथे खोल गेल्यावर पाणी लागते, पण ते खारे. हाच खारपाण पट्टा.

२/ पूर्णा सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांतून उतरते व पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांमधील हे खोरे म्हणजे गाळाने भरलेला खोल द्रोण. उतार अत्यल्प, चिकणमाती दाट. त्यामुळे क्षार धुऊन जाण्यास पुरेशी वाट मिळाली नाही. ते गाळात व भूजलात साचून राहिले.

३/ या काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. पहिला पाऊस त्यांत मुरतो. मग माती फुगते आणि भेगा मिटतात. त्यात सोडियम अधिक असल्याने मातीचे कण सुटे होऊन उरलीसुरली छिद्रेही बुजतात. पुढचा पाऊस शेतात तुंबतो, नाहीतर माती घेऊन वाहून जातो. वर चिखल, खाली खारे पाणी.

४/ या खारेपणावर एके काळी पोटही भरत असे. पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. इंग्रजी अमदानीत तो व्यवसाय बंद पडला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपविला होता. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला विलक्षण भाव आला आणि १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. वऱ्हाडची ओळख कापसाची झाली.

५/ मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. पाऊस हुकल्यावर इतरत्र विहिरीचा आधार उरतो. खारपाणात तोही दुबळा होता.

६/ याउलट उदाहरण इंग्लंडच्या फेन्स प्रदेशाचे. तेथील दलदल कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, स्पंजासारखी पाणी धरून ठेवणारी. शेतीसाठी ती उपसली गेली. होम फेन येथे १८५१ च्या सुमारास जमिनीत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे, इतकी जमीन खचली. तेथे निचऱ्याने जमिनीची पाणी धरण्याची शक्ती नेली. येथे निचऱ्याअभावी जमीन चोपण झाली.

७/ म्हणून खारपाणातील उपाय दुहेरी आहे. जिप्समातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, चर तुंबलेले पाणी बाहेर काढतात आणि तेच पाणी शेततळ्यात साठते. जी माती पाणी मुरू देत नाही, तीच तळ्याचा तळ घट्ट राखते! २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील ९३२ खारपाण गावे घेण्यात आली. पिण्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचे पाणी नळाने अनेक गावांत आणले आहे.

८/ कापसाच्या भावाचा इतिहास आपण वाचतो. त्याच शेतांखालच्या पाण्याचा क्वचितच. आपले गाव या पट्ट्यात असेल, तर नळ येण्यापूर्वी गोडे पाणी कोठून आणत, हे घरातील आजी-आजोबांना अवश्य विचारा आणि येथे लिहा. त्या नोंदी कोणत्याही दफ्तरात सापडणार नाहीत.