मसुदा, हरकती आणि सौजन्य : एका परवान्याचा इतिहास

२३ आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी बंगळूरु येथे एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. विषय वरकरणी रुक्ष होता : जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा. परंतु देशोदेशींच्या प्रयोगशाळांतील संगणक ज्या लिनक्सवर चालतात, तो याच परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुला झालेला आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ साली आणि दुसरी १९९१ साली प्रसिद्ध केली. तत्त्व साधे होते : आज्ञावली वापरा, तपासा, बदला, वाटा, मात्र वाटताना मूळ संहिता आणि तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्या. पंधरा वर्षांत अडचणी उभ्या राहिल्या. दुसऱ्या आवृत्तीची भाषा अमेरिकी कायद्याच्या वळणाची होती आणि तिच्यातील ‘वितरण’ या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलत होता. शिवाय काही उत्पादक संहिता देत, पण बदललेली आज्ञावली त्यांच्या उपकरणावर चालू नये अशी तजवीजही करून ठेवत.

१६ जानेवारी २००६ रोजी पहिला मसुदा जाहीर झाला. कोणालाही त्यातील नेमक्या शब्दांवर बोट ठेवून हरकत नोंदवता येई. जेथे हरकती अधिक, तेथील मजकुराचा रंग अधिक गडद होई. चार चर्चासमित्या या हरकतींचा विचार करीत आणि बदलांची कारणे लेखी प्रसिद्ध होत. त्यामुळे वाद व्यक्तीभोवती न फिरता कलमाभोवती राहण्यास मदत झाली. ‘वितरण’ या शब्दाच्या जागी कोणत्याही एका देशाच्या कायद्याशी न बांधलेले नवे शब्द योजले गेले. बंगळूरुची परिषद भरली ती दुसरा मसुदा येऊन महिनाही झाला नसताना.

सारे गोडीगुलाबीने झाले असे नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभीच विरोध नोंदवला. सप्टेंबर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या दहा विकासकांनी मसुद्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढले. उपकरणाबाबतच्या अटी परवान्यात आणू नयेत, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. शब्द धारदार होते, पण कारणे दिलेली होती. मार्च २००७ च्या तिसऱ्या मसुद्यात ती अट मुख्यतः घरगुती वापराच्या वस्तूंपुरती मर्यादित झाली. २९ जून २००७ रोजी अंतिम परवाना प्रसिद्ध झाला. लिनक्स मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, तो आजतागायत.

तरीही या वादातून एक गोष्ट उरली. दुसऱ्या आवृत्तीनुसार अटींचा भंग होताच वापरकर्त्याचे हक्क आपोआप संपत. तिसऱ्या आवृत्तीच्या आठव्या कलमाने, पहिल्यांदाच चुकलेल्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारल्यास हक्क कायमचे परत देण्याची सोय केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये लिनक्सच्या विकासकांनी हीच सवलत आपल्या दुसऱ्या आवृत्तीच्या संहितेलाही लागू करण्याची जाहीर हमी दिली. ती जाहीर करण्यात पुढे होते ग्रेग क्रोआ-हार्टमन. २००६ च्या विरोधी निवेदनावर त्यांचीही स्वाक्षरी होती.

भारत सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण स्वीकारले. सार्वजनिक पैशातून लिहिलेली वैज्ञानिक संहिता पुढच्या संशोधकाला कोणत्या अटींवर मिळेल, हे परवानाच ठरवतो. तो निवडताना मतभेद होणारच. अकरा वर्षांपूर्वी ज्यांचे म्हणणे पटले नव्हते, त्यांच्याच मसुद्यातील एक कलम लिनक्सच्या विकासकांना उचलता आले. कारण ते कलम आणि त्यामागची कारणे दोन्ही लिहून ठेवलेली होती, आणि विरोध झाला होता तो मसुद्याला.