प्रणाली-भाषांतील त्रुटी-हाताळणी : ऐतिहासिक आढावा आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण

संगणकाची आज्ञावली लिहिताना अपेक्षित उत्तर कसे मिळवावे याचा विचार प्रथम होतो. उत्तर मिळालेच नाही तर काय, हा विचार बहुधा शेवटी आणि घाईने होतो. कार्यप्रणाली, यंत्रनियंत्रण अशा मूलभूत कामांसाठी ज्या भाषा घडविल्या गेल्या, त्यांच्या रचनाकारांना मात्र हा प्रश्न टाळता आला नाही. त्रुटीची वार्ता कोणी कोणास द्यावी आणि ती दुर्लक्षिण्याची मुभा असावी काय, या दोन मुद्द्यांभोवती त्यांचे मतभेद फिरत राहिले. प्रस्तुत निबंधात त्यांचा मागोवा घेतला आहे.

डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या 'सी' भाषेत त्रुटीसाठी वेगळी सोय नाही. फाइल उघडता आली नाही तर युनिक्सचे फंक्शन उणे एक ही संख्या परत करते व कारणाचा क्रमांक एका सामाईक चलात ठेवते. यात छुपा खर्च काही नाही, हा मोठाच गुण. परंतु खरे उत्तर आणि अपयशाची खूण एकाच प्रकारच्या संख्येत, एकाच वाटेने येतात. खूण तपासली नाही तरी कंपायलर हरकत घेत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वह्यांत फाइल खरोखर उघडली का हे पाहणारी ओळ वारंवार गाळलेली दिसते. त्यास आळस म्हणता येईल. पण जे गाळणे सोपे ते गाळले जाणारच, हे भाषेच्या रचनेतच गृहीत धरावयास हवे.

दुसरा मार्ग 'अपवादा'चा. पीएल/वन या भाषेत 1960 च्या दशकात त्याचे प्रारंभिक रूप दिसते. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या 'क्लू' भाषेने पुढील दशकात त्याला शिस्त लावली. 'एडा' व 'सी++' यांनी तो स्वीकारला. येथे त्रुटी नेहमीचा प्रवाह सोडून, ती हाताळणारा कोणी भेटेपर्यंत वर वर जाते. सी. ए. आर. होअर यांनी 1980 च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात एडातील या सोयीवर कठोर टीका केली होती.

4 जून 1996 रोजी एरियन-5 हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. एरियन-4 साठी लिहिलेल्या एडा आज्ञावलीत 64 बिटांची दशांश संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. अशा धोक्याच्या सात चलांपैकी चारांना संरक्षण होते, तिघांना जाणीवपूर्वक दिलेले नव्हते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, भाषेने त्रुटी अचूक पकडली होती. मात्र अपवाद म्हणजे यंत्रभागाचा आकस्मिक बिघाड, असे रचनेत मानलेले असल्याने राखीव आणि मुख्य असे दोन्ही संगणक त्याच कारणाने बंद पडले. ज्या गणनेत हे घडले, तिची उड्डाणानंतर गरजही नव्हती.

बिघाड हीच नित्याची बाब मानली तर रचना निराळी होते. याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. लोणी ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, त्याला लागूनच असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली गेली. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपासून 435 जोड्या होतात. एक अँटेना निकामी झाली तर 406 उरतात. त्यासाठी निरीक्षण थांबवावे लागत नाही. येथील नोंदी ज्या फिट्स स्वरूपात अभ्यासकांच्या हाती येतात, त्यात प्रत्येक मापनासोबत त्याचे 'वजन' असते; ते शून्य किंवा ऋण असल्यास मापन अग्राह्य समजावयाचे. अर्थात वजन न पाहता आकडा वापरणाऱ्यास हे स्वरूप अडवीत नाही.

ती अडवणूक भाषेतच आणण्याचा प्रयत्न अलीकडचा आहे. 2009 मध्ये जाहीर झालेल्या 'गो' भाषेत उत्तर व त्रुटी शेजारी शेजारी परत येतात, पण त्रुटी न पाहता उत्तर वापरता येते. 2015 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या 'रस्ट'मध्ये दोन्ही एकाच वेष्टनात असतात आणि वेष्टन उघडताना त्रुटीचे काय करावयाचे ते लिहावेच लागते. सावरण्याजोगी त्रुटी या वाटेने जाते. आज्ञावलीचे मूळ गृहीतच मोडले तर 'पॅनिक' करून काम थांबविण्याची वाट वेगळी ठेवली आहे. एरियनच्या रचनेत नेमका हाच भेद पुसला गेला होता, असे माझे मत आहे.

तथापि अपवादाची पद्धत कालबाह्य झाली असे समजू नये. जीएमआरटी चालविणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या नियंत्रण-व्यवस्थेच्या आराखड्याचे नेतृत्व केले. त्या प्रकल्पाने 2015 मध्ये निवडलेली 'टँगो' ही नियंत्रण-चौकट अपवादांवरच चालते. तिच्यातील अपवाद म्हणजे नोंदींची एक चळत असते : कारण, वर्णन, उगमस्थान आणि गांभीर्य. त्रुटी खालच्या यंत्रापासून वर जाताना प्रत्येक टप्पा तीत आपली नोंद जोडू शकतो आणि नियंत्रण-कक्षातील माणसास ती चळत मुळापर्यंत वाचता येते.